शेवंतीला मारलेली हाक

दीप्ती मॅडमनी राजवर्धनच्या गळ्यातल्या घाटीवर अंगठा टेकवला, हलकेच खाली दाबला आणि म्हणाल्या, "खोक."

राजवर्धन खोकला.

"आता त्याच खोकल्याला जोडून 'आ' म्हण. मध्ये थांबायचं नाही. आणि लाजायचं तर अजिबात नाही."

तो पुन्हा खोकला आणि खोकल्याच्या मागोमाग त्यानं 'आ' काढला. भरल्या घागरीवर थाप मारल्यासारखा जाड, खालचा आवाज त्या लहानशा खोलीत घुमला. राजवर्धननं दचकून तोंडावर हात ठेवला. दुसऱ्याच्या घरातली काचेची वस्तू आपल्या हातून पडावी तसा त्याचा चेहरा झाला होता.

"हात काढ," दीप्ती मॅडम म्हणाल्या. "फुटलं नाही काही. उलट नऊ वर्षांपूर्वी फुटायला हवा होता, तो आज फुटला. परत म्हण."

राजवर्धनचं वय तेवीस. तालमीत कमावलेले खांदे, पिळदार मिशी, दंडावर जोतिबाचं गोंदण, आणि या सगळ्या ऐवजावर देवानं बसवलेला आवाज मात्र बाईचा. फोन उचलून 'हॅलो' म्हटलं की समोरचा बिनदिक्कत सांगायचा, "ताई, उद्या दोन लिटर जादा पाठवा." राजवर्धन 'बरं' म्हणायचा आणि फोन ठेवून द्यायचा. पुढं पुढं त्यानं फोन घेणंच सोडलं, दुधाचा सगळा धंदा मेसेजवर चालवला. घरच्यांनी उपाय करायचे बाकी ठेवले नव्हते. ज्येष्ठमध झाला, मधातली हळद झाली, महिनाभर सकाळी कच्ची अंडी झाली, डोंगरावर जाऊन नवस बोलून झाला. शेवटी घशाच्या डॉक्टरांनी नाकातून बारीक कॅमेरा घालून बघितलं, काही बिघाड नाही म्हणाले आणि आवाजावर उपचार करणाऱ्या दीप्ती मॅडमकडं धाडून दिलं.

मॅडमनी आता टेबलावरचा रबराचा घसा उचलून त्याच्यापुढं धरला.

"ही स्वराची पेटी. बाहेरून हाताला लागते ती घाटी म्हणजे या पेटीची पुढची भिंत. आत हे दोन स्वरतंतू. श्वास घेताना उघडतात, बोलताना मिटतात आणि थरथरतात. मुलगा वयात आला की पेटी मोठी होते, गळ्यात खाली उतरते, तंतू लांब आणि जाड होतात. तुझं सगळं झालेलं आहे. पेटी पुरुषाची आहे, तंतू पुरुषाचे आहेत. फक्त त्या वर्षी आवाज फुटायला लागला तेव्हा तू पेटी वर ओढून धरलीस आणि तंतू ताणून लहानपणीचाच आवाज काढत राहिलास. ती सवय लागली. मी अंगठ्यानं पेटी खाली आणली, बस्स."

"एवढंच?" राजवर्धननं विचारलं. पहिलं अक्षर जुन्या आवाजात निघालं आणि उरलेली नव्यात. मॅडम हसल्या.

"एवढंच. पण पथ्य आहे. पाडव्यापर्यंत, म्हणजे अठरा दिवस, जुन्या आवाजात एक शब्दसुद्धा काढायचा नाही. तोंडातून निघाला की घसा परत त्या वाटेनं जायला बघतो. घरात नाही, स्वप्नात नाही, म्हशीशी बोलतानासुद्धा नाही."

दाराजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर त्याची आई मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. तिला सगळी गल्ली आक्का म्हणायची आणि तोही आक्काच म्हणायचा. बाप गेल्यापासून पाच म्हशींचा गोठा या दोघांनीच सांभाळला होता. लेकाचा आवाज फुटला तसे तिचे डोळे भरून आले होते आणि तिनं पदराचं टोक दातात धरलं होतं.

"आक्का, कसा वाटला आवाज?" मॅडमनी विचारलं.

"बरा हाय की," आक्का म्हणाली. तिचा आवाज खालच्या पट्टीतला, घासून गेल्यासारखा होता.

"तुमचा घसा बसलाय का?"

"न्हाय. पहिल्यापास्नं असाच हाय."

"दाबून बोलता तुम्ही. एकदा तपासून घ्या."

"माझं काय आता. त्याचं तेवढं झालं, भरून पावलं," आक्का म्हणाली आणि उठलीच.

दसरा चौकापासून गल्लीपर्यंत राजवर्धननं गाडीवरून एकही पाटी वाचल्याशिवाय सोडली नाही. चपलांचं दुकान, सराफाची पेढी, बँक, मिसळीचं हॉटेल, कुणाच्या तरी वाढदिवसाचा फलक आणि त्यावरच्या शुभेच्छुकांची झाडून सगळी नावं. प्रत्येक शब्द तो घागरीत बोलल्यासारखा बोलत होता आणि दरवेळी स्वतःच खूश होत होता. सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्यानं वळून बघितलं तर त्यालाही त्यानं वेळ विचारून घेतली. खिशात मोबाइल होता आणि हातात घड्याळ होतं, ते सोडा. रिक्षावाला "पावणं, साडेअकरा" म्हणाला. त्या 'पावणं'नं राजवर्धनच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

गल्लीत बातमी त्याच्या आधी पोचली होती. कृष्णातनं त्याला दारातच अडवलं. कृष्णात त्याच्या वर्गातला, शेजारच्याच गोठ्यातला, आणि शाळेत त्याच्या आवाजावरून चार पोरांची डोकी फोडलेला.

"बोल लगा कायतरी."

"काय बोलू?"

"आयला," कृष्णात म्हणाला. मग त्यानं आपल्या आजीला आणि दोन चुलत्यांना बाहेर बोलावलं. राजवर्धनला पाढे म्हणायला लावले, शिवगर्जना म्हणायला लावली, कुणाच्या तरी मामाला फोन लावून 'पोलीस ठाण्यातून बोलतोय' असंही म्हणायला लावलं. मामा खरोखरच घाबरला. त्या भरात राजवर्धन बोलून गेला, "यंदा पाडव्याला शेवंती पळवनार मी."

ही गोष्ट साधी नव्हती. दिवाळीच्या पाडव्याला गल्लीतले गवळी म्हशी सजवून रस्त्यावर आणतात. शिंगं रंगवलेली, गळ्यात कवड्यांच्या माळा, पायांत हुपरीचे चांदीचे चाळ. मालक सायलेन्सरची पुंगळी काढलेल्या मोटारसायकलवर पुढं बसतो, आपल्या म्हशीला हाक मारतो आणि सुटतो. गाडी धडाडत असते, दोन्ही बाजूंना हजारो माणसं ओरडत असतात, आणि त्या गोंगाटात म्हैस मालकाची हाक ओळखून त्याच्या मागं चौखूर धावते. ज्याची हाक खरी त्याची म्हैस खरी. राजवर्धनची शेवंती गल्लीतली सगळ्यांत देखणी म्हैस होती. काळी कुळकुळीत, मागं वळलेल्या शिंगांची, पायाला वारा लागल्यासारखी. रेडकू असल्यापासून त्यानं तिला हातानं वाढवलं होतं. पहाटे घाटावर त्यानं हाक दिली की नदीतून पाणी उडवत ती वर यायची. पण ती पहाटे, कुणी नसताना. भर रस्त्यात, चार हजार माणसांत त्या बारीक आवाजात तिला हाक मारायची त्याची छाती कधी झाली नव्हती. चार पाडवे त्यानं दाराच्या फटीतून दुसऱ्यांच्या म्हशी बघून काढले होते. यंदा पाचवा.

संध्याकाळी तो बादली घेऊन गोठ्यात गेला.

"ये गं शेवंते," तो म्हणाला.

शेवंतीनं मान वर केली, कान फिरवले, त्याच्या अंगावरून नजर पलीकडं दाराकडं टाकली आणि दोन पावलं मागं सरली. तो खाली बसला. कासेला हात लावला तर तिनं बादलीला लाथ घातली. "अगं मीच हाय," तो म्हणाला. त्यासरशी ती आणखी बिथरली. अर्धा तास तो तिला चुचकारत होता. तिनं पान्हा चोरला तो चोरलाच. पाच लिटरच्या जागी दीड लिटर दूध घेऊन तो बाहेर आला.

जुन्या आवाजात एकदा 'ये' म्हटलं असतं तर झालं असतं. तो शब्द ओठांपर्यंत आलाही होता. पण मॅडमचा अंगठा अजून घाटीवर असल्यासारखं त्याला वाटत होतं.

"उद्यापास्नं तिच्याखाली मी बसते," आक्का म्हणाली. "तू तवर भाईर जा. गल्लीच्या टोकाला जाऊन थांब."

"का?"

"तू दिसलास की बुजती ती. जा म्हटलं की जावं."

दुसऱ्या दिवशी तो टोकाला जाऊन परत आला तर बादली काठोकाठ भरलेली होती. आक्काच्या हातालाच गुण आहे, असं तो म्हणाला. आक्कानं बादली उचलून आत नेली.

मग अठरा दिवस राजवर्धननं शेवंतीला आपला नवा आवाज शिकवला. सकाळी पेंड चारताना बोलायचा, दुपारी धुताना बोलायचा, संध्याकाळी शिंगांना तेल लावताना बोलायचा. मॅडमनी दिलेला धडा त्यानं तिच्यासमोरच वाचला. 'गावाच्या गवळ्यानं गार गार गवत' अशी 'ग'नं सुरू होणारी वाक्यं ती रवंथ करत ऐकायची. सहाव्या दिवशी तिनं त्याच्या हाकेला मान वळवली. दहाव्या दिवशी ती घाटावर दहा पावलं चालत आली. पंधराव्या दिवशी आली तेव्हा पळतच आली, आणि राजवर्धननं नदीच्या पायरीवर बसून कृष्णातला फोन लावला.

"आली रं. पळत आली."

"मग विषयच संपला, भावा," कृष्णात म्हणाला.

विषय संपला नव्हता हे कळायला पाडव्याची संध्याकाळ यावी लागली. घाटावर शेवंती येत होती ती त्याला बघून, त्याच्या हातातली पेंडेची पाटी बघून. आवाज तिनं चालवून घेतला होता. पण हे त्या दोघांनाही, म्हणजे राजवर्धनला आणि कृष्णातला, ठाऊक नव्हतं. त्यांनी शिंगांना भगवा रंग दिला, कपाळावर मोरपिसांचा तुरा बांधला, पाठीवरचे केस भादरून त्यात नाव कोरलं आणि तिला रस्त्यावर आणलं.

रस्ता फुलून गेला होता. पोरं कठड्यांवर चढली होती, बायका गच्च्यांवरून वाकल्या होत्या, हलगी कडकडत होती. एकेक मालक पुढं येत होता, हाक देत होता आणि त्याच्या मागून काळ्या ढिगासारखी म्हैस सुटत होती. प्रत्येक म्हैस गेली की लोक आरोळ्या ठोकत होते. राजवर्धनचं काळीज इतक्या जोरात उडत होतं की शर्टावरून दिसावं. भीती नव्हती ती. चार वर्षं दाराच्या फटीतून बघितलेला रस्ता आज त्याच्यापुढं मोकळा होता, आणि तो हसत होता, उगाचच, दात दाखवून.

त्याची पाळी आली. त्यानं गाडी पन्नास पावलं पुढं नेऊन उभी केली. मागं कृष्णातनं शेवंतीचं दावं सोडलं. राजवर्धननं छाती भरून श्वास घेतला आणि हाक दिली.

"ये गं, ये ये ये, शेवंते, ये."

काय आवाज लागला होता. कडेच्या माणसांनी माना वळवल्या. मिशीला, खांद्यांना, नावाला शोभेल असा आवाज, चार हजार माणसांत. जन्मभर याच क्षणाची वाट बघितली होती त्यानं.

शेवंती जागची हलली नाही.

त्यानं पुन्हा हाक दिली. तिनं कान टवकारले, गर्दीत इकडं तिकडं बघितलं, कुणाला तरी शोधल्यासारखं. गाडीवर पाठमोरा बसलेला माणूस तिच्या लेखी कुणीही नव्हता. तिसऱ्या हाकेला तिनं सरळ तोंड फिरवलं आणि ती घराच्या दिशेनं चालू लागली.

"पावणं, म्हस घरला निघाली तुमची," कुणीतरी ओरडलं. हशा पिकला. कृष्णात हात पसरून तिच्या आडवा गेला, पण तिला फिरवणं काही त्याला जमेना.

राजवर्धनच्या कपाळावर घाम आला. मॅडम म्हणाल्या होत्या, एक शब्दसुद्धा नाही. पण शेवंती चालली होती. तिला लोकांच्या हशात अशी एकटी चालताना बघून त्याला स्वतःपेक्षा तिचीच लाज राखावीशी वाटली. गेला तर जाऊ दे नवा आवाज. हसतील तर हसू देत. त्यानं हनुवटी वर केली, घाटी ओढून घेतली, जुनी वाट धरली आणि तोंड उघडलं. बाहेर आला तो ना हा ना तो. फाटक्या पत्र्यासारखा काहीतरी किरकिरीत सूर निघाला आणि मध्येच तुटला. त्यानं पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. अठरा दिवसांत घसा जुनी वाट विसरला होता. आता त्याच्याकडं शेवंतीला द्यायला काहीच नव्हतं.

"ये गं, ये ये ये, शेवंते, ये."

बारीक, स्वच्छ, लांबवर जाणारा आवाज. त्याचाच. राजवर्धननं घाईनं गळ्याला हात लावला. घाटी जागच्या जागी होती, ओठ मिटलेले होते.

रस्त्याच्या कडेला आक्का उभी होती. चपला मागं कुठंतरी राहिल्या होत्या, पदर कमरेला खोचलेला होता. तिनं दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि पुन्हा हाक दिली. हलगीच्या वर, पुंगळ्यांच्या वर, सगळ्या गच्च्यांच्या वर गेली ती हाक. शेवंती थबकली. गर्रकन वळली. तिनं नाकपुड्या फुलवल्या आणि कृष्णातला बाजूला ढकलून ती निघाली.

आक्का पळत आली आणि लुगडं सावरत, दोन्हीकडं पाय टाकून लेकाच्या मागं गाडीवर बसली.

"चल," ती म्हणाली. "बघत काय बसलास? ती आली की."

राजवर्धननं क्लच सोडला. गाडी धडाडली. मागं आक्का हाका घालत होती, हाकेमागून हाक, आणि चाळांचा खणखणाट जवळ जवळ येत होता. आरशात शिंगं दिसली, मग तुरा, मग शेवंतीचं फेसाळलेलं तोंड आक्काच्या पाठीपासून हातभर अंतरावर. हशाची आरोळी कधी झाली ते कळलंच नाही. गच्चीवरच्या बायका टाळ्या वाजवत होत्या, कुणीतरी गुलाल फेकला. राजवर्धनही ओरडू लागला, जाड आवाजात, शब्द काय ते त्याचं त्यालाही माहीत नव्हतं. एक वरचा आवाज आणि एक खालचा, दोघं मिळून शेवंतीला घाटापर्यंत घेऊन गेले.

घाटावर त्यानं गाडी बंद केली. शेवंती धापा टाकत आक्काच्या खांद्यावर तोंड घासत उभी राहिली. राजवर्धन गाडीवरून उतरला. त्याला रडू येत होतं आणि त्याहून जास्त हसू येत होतं.

"आक्का," तो म्हणाला, "तू खरा आवाज लपवून... कवापास्नं?"

आक्का पदरानं शेवंतीचा फेस पुसत राहिली.

"तू नववीत हुतास. डेअरीत एक बाई म्हटली, मायलेकी दोघी सारख्याच बोलत्यात की. तू चार दिस जेवला न्हाईस."

ते चार दिवस त्याला आठवत होते. त्यानंतर आईचा आवाज कधी बदलला, ते मात्र त्यानं कधी ऐकलंच नव्हतं. नऊ वर्षं ज्या आवाजाला तो मनातल्या मनात शिव्या घालत आला, तो कुणाचा होता हे आज पहिल्यांदा त्याच्या कानावर पडलं होतं, आणि इतका गोड आवाज त्यानं आजवर ऐकला नव्हता.

"म्हणून तू ह्या आवाजात बोलायचंच सोडलंस?"

"सोडलं कुठं. दाबला नुसता." आक्कानं तुऱ्याची सुटलेली गाठ पुन्हा घट्ट केली. "घरात दोघांस्नी एकच आवाज. एकानं तरी सोडायला पायजे हुता. तुला सुटत न्हवता."

तोवर रस्त्यावरून लोक घाटाकडं येऊ लागले होते, कृष्णात सगळ्यांच्या पुढं होता.

"ए कृष्णात," आक्कानं लांबूनच हाक दिली, "पाण्याची बादली आण की रं, म्हशीचा जीव चाललाय."

हाक ऐकून गर्दीतली चार-सहा माणसं सवयीनं राजवर्धनकडं बघायला लागली. त्यानं बाजूला सरून त्यांना आक्का दाखवली.